प्रोबेशनवरचा माणूस घरात असेल, तर पोलिसांना कुठपर्यंत शोधता येतं?

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून एका तरुणाने नाशिकला वडिलांना फोन लावला. "बाबा, मला तीन वर्षं प्रोबेशन आहे." पलीकडून लगेच उत्तर आलं, "असू दे रे, नवीन ठिकाणी असतंच ते. कन्फर्म कधी करतायत?" पोरगा फोन कानाला लावून नुसता बसून राहिला. मी शेजारीच होते. कॅलिफोर्नियातल्या कोर्टांत मी मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून उभी राहते, आणि हा घोळ मी एकदाच पाहिलेला नाही. इथे त्याचं गाव तेवढं मी बदलून सांगितलंय.

इथलं प्रोबेशन म्हणजे गुन्हा शाबीत झाल्यावर तुरुंगाऐवजी, किंवा थोड्या तुरुंगासोबत, कोर्टाने घातलेल्या अटी पाळत बाहेर राहणं. दंड भरा, वर्गाला जा, दारू पिऊ नका, या अटी ज्याच्या त्याच्या असतात. एक अट मात्र घरभर पसरते. ती झडतीची. मुलाने कोर्टात सही केली, की ती अट त्याच्यासोबत घरी येते आणि आईच्या कपाटापर्यंत, बहिणीच्या गाडीपर्यंत पोहोचते. घरातल्यांना हे कळतं ते दारावर थाप पडल्यावर, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून हा लेख.

मी वकील नाही. तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलाकडून किंवा पब्लिक डिफेंडरकडूनच, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाकडूनच, घ्या. त्यांना काय विचारायचं, एवढं इथून नक्की मिळेल. सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे, दुसऱ्या राज्यांबद्दल शेवटाकडे थोडं.

आधी मुळाशी: चौथी दुरुस्ती

अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ ची. माणूस, त्याचं घर, त्याचे कागद आणि त्याच्या वस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती करायची नाही. आणि वॉरंट काढायचं तर सबळ कारण दाखवून, कुठे शोधायचं आणि काय शोधायचं ते नेमकं लिहून. एरवी पोलिसांना तुमच्या घरात शिरायला न्यायाधीशाची सही लागते ती यामुळे.

आपल्या डोक्यात झडती म्हटलं की पंचनामा असतो. दोन पंच, साहेबांचा कागद, खाली सह्या. इथे पंच नसतात. इथला धाक वेगळ्या जागी आहे. १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालापासून राज्यांच्या कोर्टांतही बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा खटल्यातून बाद होऊ शकतो. भारतात तसं नाही. १९७४ च्या पूरनमल निकालाप्रमाणे झडती बेकायदा असली तरी पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. त्यामुळे आपली माणसं "सापडलं म्हणजे संपलं" असं धरून चालतात आणि कोर्टात निमूट मान्य करून मोकळी होतात. इथे झडती कशी झाली, हीच अर्धी लढाई असते.

आता प्रोबेशन. शिक्षा झालेल्या माणसाचा खासगीपणाचा हक्क कमी होतो, पण शून्य होत नाही. तो किती उरतो, यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे तीन निकाल आहेत आणि ते ओळीने समजून घेतले तर पुढचं सोपं जातं.

पहिला १९८७ चा, ग्रिफिन विरुद्ध विस्कॉन्सिन. प्रोबेशन ऑफिसरांनी वॉरंटशिवाय घर तपासलं, पिस्तूल सापडलं. कोर्ट म्हणालं, देखरेख ही प्रोबेशनची गरजच आहे. राज्याच्या नियमात वाजवी कारणाची अट होती, तेवढं पुरे. पाच विरुद्ध चार.

दुसरा २००१ चा, युनायटेड स्टेट्स विरुद्ध नाइट्स. ही केस आपल्याच कॅलिफोर्नियातली, नापा काउंटीची. ड्रग्जच्या गुन्ह्यात प्रोबेशन मिळालेल्या नाइट्सने अटींच्या कागदावर सही केली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी नापाच्या विमानतळाजवळ वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर आणि शेजारची टेलिफोन कंपनीची यंत्रणा पेटवून देण्यात आली. नुकसान अंदाजे १५ लाख डॉलरचं. पोलिसांचा संशय त्याच्यावर आणि त्याच्या मित्रावर होताच. त्यांनी पाळत ठेवली आणि झडतीच्या अटीचा आधार घेऊन, वॉरंट न काढता, त्याचं घर तपासलं. स्फोटकांचं सामान सापडलं, आणि वीज कंपनीचा शिक्का असलेलं पितळी कुलूपही. खालच्या कोर्टांनी पुरावा बाद केला होता. ही प्रोबेशनची देखरेख नसून गुन्ह्याचा तपास होता, असं त्यांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं: अट असेल आणि वाजवी संशय असेल, तर वॉरंट नको, आणि हेतू तपासाचा असला तरी चालेल. वाजवी संशय म्हणजे सबळ कारणापेक्षा खालची पायरी, पण बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी हवं; नुसतं "मला वाटलं" नव्हे. संशय अजिबातच नसेल तर काय, हा प्रश्न मात्र कोर्टाने मुद्दाम उघडा ठेवला.

तिसरा २००६ चा, सॅमसन विरुद्ध कॅलिफोर्निया. सॅन ब्रूनोमध्ये रस्त्यावर एका अधिकाऱ्याने पॅरोलवरच्या माणसाला थांबवलं. त्याच्यावर वॉरंट नाही, हे रेडिओवर कळलं. तरी झडती घेतली आणि खिशातल्या सिगारेटच्या पाकिटात मेथ हे ड्रग सापडलं. कोर्टाने ते चालवून घेतलं: पॅरोलवाल्याची झडती संशयाशिवायही घेता येते. इथे लोक घसरतात. पॅरोल म्हणजे तुरुंगातून आधी सुटलेला माणूस. प्रोबेशन त्याच्या वरची पायरी आणि तिथे हक्क जास्त उरतात. वकील सोडून कोणीही "दोन्ही एकच" म्हणालं तर मान हलवू नका.

पायरी पहिली: कागद हातात घ्या

ज्याला प्रोबेशन आहे त्याच्याकडून कोर्टाचा मिनट ऑर्डर, म्हणजे त्या दिवशीच्या आदेशाची लेखी नोंद, आणि अटींची यादी मागा. हरवली असेल तर कोर्टाच्या क्लार्ककडे केस नंबर देऊन प्रत मिळते. चहा घेऊन बसा आणि एकेक ओळ वाचा. झडतीचं कलम आहे का? असल्यास त्यात नेमके कोणते शब्द आहेत?

इथल्या कोर्टात "फोर-वे" हा शब्द कानावर पडेल. न्यायाधीश एका दमात वाचून जातात: पर्सन, प्रॉपर्टी, रेसिडेन्स, व्हेइकल. अंग, सामान, राहतं घर, गाडी. चारही असतील तर फोर-वे. पण कधी फक्त अंग आणि गाडीच लिहिलेली असते, आणि मग घराचं दार त्या कागदावर उघडत नाही. पुढे पाहा, झडती कोणी घ्यायची? "एनी पीस ऑफिसर" लिहिलं असेल तर गस्तीवरचा कोणताही पोलीस. फक्त "प्रोबेशन ऑफिसर" असेल तर वर्तुळ लहान. "विथ ऑर विदाउट रीझनेबल कॉज", म्हणजे वाजवी कारण असो वा नसो, असं आहे का? आणि "इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस" हे शब्द आहेत का? नसलेला प्रत्येक शब्द तुमच्या बाजूचा आहे.

पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या, म्हणजे डीयूआयच्या, केसमध्ये बहुतेक वेळा इनफॉर्मल प्रोबेशन असतं. ऑफिसर नेमलेला नसतो, थेट कोर्टाची नजर. अशा केसमध्ये झडतीचं कलम असेलच असं नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जी तीन वर्षं दबकून राहिली, आणि कागदावर कलमच नव्हतं.

पायरी दुसरी: भांडायचं ते शिक्षेच्या दिवशी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा निसटणारं. दारात पोलिसांशी वाद घालून काही होत नाही. कलमाशी वाद घालायची जागा कोर्टात आहे, आणि वेळ एकच.

१९७५ च्या लेंट निकालाने कसोटी घालून दिली आहे. अटीचा केलेल्या गुन्ह्याशी संबंध नाही, ती ज्या वागण्याबद्दल आहे ते मुळात गुन्हा नाही, आणि पुढचे गुन्हे रोखण्याशीही तिचा वाजवी संबंध नाही, अशी तिन्ही उत्तरं आली तर अट टिकत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने रिकार्डो पी. प्रकरणात हीच कसोटी लावून घरफोडीतल्या एका अल्पवयीन मुलावरची फोन-कॉम्प्युटर तपासण्याची अट रद्द केली. त्याने गुन्ह्यात फोन वापरल्याचं काहीच समोर नव्हतं, आणि मुलं ड्रग्जबद्दल ऑनलाइन फुशारकी मारतात एवढ्या अंदाजावर त्याचं सगळं खासगी आयुष्य उघडायचं, हे ओझं कोर्टाला फार वाटलं.

म्हणून वकिलाला आधीच विचारा: "या केसमध्ये झडतीची अट मागणार आहेत का? फोनचं काय? अट अरुंद करून मागता येईल का?" आक्षेप त्याच दिवशी नोंदवा. अट अवाजवी आहे हा मुद्दा तिथे मांडला नाही, तर अपिलात तो साधारणपणे गेलेला असतो. प्रोबेशन नाकारून शिक्षा घेण्याचाही हक्क कॅलिफोर्नियात आहे. कोणी सहसा घेत नाही, पण बोलणी करताना तो आहे हे माहीत असावं.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर गुन्हा कबूल करण्याआधीच इमिग्रेशनचे परिणाम विचारा. ते सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या पडिया निकालात म्हटलंय.

पायरी तिसरी: संशय किती लागतो, आणि पोलिसाला काय माहीत हवं

कॅलिफोर्नियाची राज्य कोर्टं प्रोबेशनवाल्याने अट स्वीकारली म्हणजे आगाऊ संमतीच दिली असं धरतात. १९८७ च्या ब्रावो निकालापासून हीच वाट आहे. अटीचे शब्द तेवढे रुंद असतील तर संशयाशिवायची झडतीही चालते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांच्या, बाजूला नवव्या सर्किटने (कॅलिफोर्निया ज्याच्याखाली येतं ते फेडरल अपील कोर्ट) २०१३ च्या किंग निकालात हिंसक गुन्ह्यातल्या प्रोबेशनवाल्याच्या घराची संशयाशिवायची झडती मान्य केली, पण किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाला तेच लागू, असं म्हटलं नाही.

मग मर्यादा काय उरली? दोन आहेत, आणि दोन्ही कामाच्या.

एक, छळ चालत नाही. लहरीपणाने, सूड म्हणून, वारंवार, अवेळी किंवा विनाकारण लांबवलेली झडती अट असूनही बेकायदा ठरू शकते. म्हणूनच प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, किती माणसं आली, किती वेळ थांबली, हे एका वहीत लिहून ठेवा. एका झडतीने छळ सिद्ध होत नाही. दोन महिन्यांत रात्री दीड वाजताच्या चार नोंदी वेगळं बोलतात.

दुसरी, आणि माझ्या मते जास्त धारदार: झडती घेताना पोलिसाला त्या अटीची माहिती आधीपासून असली पाहिजे. २००३ च्या सँडर्स प्रकरणात पोलिसांनी आधी घर तपासलं आणि एक रहिवासी पॅरोलवर होता हे नंतर शोधून काढलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. नंतर सापडलेल्या अटीची झूल आधीच्या झडतीवर पांघरता येत नाही. त्याआधी २००० मध्ये रोब्लेसच्या केसमध्ये एकाच्या गॅरेजची झडती त्याच्या भावाच्या अटीखाली खपवण्याचा प्रयत्न झाला. पोलिसांना ती अट माहीतच नव्हती, म्हणून तोही पडला. २०१५ च्या एका अपिलीय निकालात तर "हा सर्चेबल प्रोबेशनवर आहे" एवढंच माहीत असणं घराच्या झडतीला पुरलं नाही. अटीत घर येतं का, हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही.

पायरी चौथी: घर, खोल्या आणि कपाटं

आपल्या घरांत इथेच गुंता होतो. मुलगा प्रोबेशनवर, आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, बहीण कॉलेजात, गॅरेजमध्ये मित्राचं सामान. कुठपर्यंत शोधता येतं?

नियम साधारण असा: प्रोबेशनवाल्याचा एकट्याचा किंवा सामाईक ताबा आहे असं वाजवीपणे वाटतं तेवढाच भाग. त्याची खोली, हॉल, स्वयंपाकघर, सामाईक बाथरूम, गॅरेज हे आत. आईबाबांची स्वतंत्र खोली आणि बहिणीची खोली बाहेर, जर ती खरोखरच स्वतंत्र असेल तर. "खरोखरच" या शब्दावर सगळं आहे. दाराला कुलूप आहे पण किल्ली मुलाच्या जुडग्यात आहे, तर ते कुलूप शोभेचं. आईच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्याची थंडीची जॅकेटं, तर कपाट सामाईक.

वस्तूंचंही तसंच. सामाईक जागेत पडलेली बॅग त्याची असू शकेल असं वाटलं तर उघडली जाईल. दिसताक्षणी दुसऱ्याची असेल तर नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने एक निकाल दिला तो मी सगळ्या बायकांना सांगते. पॅरोलवरचा पुरुष गाडी चालवत होता, शेजारी बाई, तिच्या पायाशी तिची पर्स. पोलिसांनी त्याच्या अटीखाली तिची पर्स उघडली. कोर्ट म्हणालं, उघड उघड बाईची पर्स आहे, त्याच्या ताब्यातली समजायला काही आधार नाही. पुरावा बाद.

उलट बाजूही ऐका. १९९९ च्या वुड्स निकालाप्रमाणे, प्रोबेशनवाल्याच्या अटीखाली सामाईक जागेत सापडलेलं घरातल्या दुसऱ्याच्या विरुद्धही वापरता येतं. पोलिसांचा मनातला रोख त्या दुसऱ्यावर होता, तरीही.

म्हणून करायचं ते हे. खोल्या वेगळ्या ठेवा आणि वागण्यातही वेगळ्या ठेवा. आईबाबांच्या खोलीला किल्ली, ती त्यांच्याकडेच. सुटकेस, दागिने, पासपोर्ट त्याच खोलीत. टपाल नावानिशी वेगळं.

आणि औषधं! भारतातून येताना आई सहा महिन्यांची औषधं आणते. पट्ट्या कापून, खोके टाकून, एका डब्यात. त्यात गुडघ्यासाठी ट्रामाडोल, झोपेसाठी अल्प्राझोलाम, खोकल्याची कोडीनवाली बाटली. ही इथे नियंत्रित औषधं आहेत. ड्रग्जच्या गुन्ह्यात प्रोबेशनवर असलेल्या मुलाच्या घरात, स्वयंपाकघराच्या खणात, नाव नसलेल्या पट्ट्या. सापडल्या की आधी त्यालाच विचारणार. मूळ खोक्यासकट, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आईच्या नावाने, आईच्या खोलीत ठेवा. घरातल्या कोणाला दारू ठेवायची असेल आणि मुलाला ती बाळगायची बंदी असेल, तर तिची जागाही फ्रिज नव्हे.

राहण्याच्या पत्त्याचंही सांभाळा. नवव्या सर्किटच्या निकालांनुसार, अटीच्या जोरावर घरात शिरायचं तर तो माणूस तिथेच राहतो असं मानायला सबळ कारण लागतं. अधूनमधून मुक्कामाला येतो, हे पुरत नाही. पुतण्याने "टपालासाठी" तुमचा पत्ता प्रोबेशन ऑफिसला दिला, की ते सबळ कारण तुम्हीच हातात दिलंत. जो खरोखर राहत नाही त्याला पत्ता देऊ नका. राहतो त्याने घर बदललं तर मुदतीत कळवावं.

पायरी पाचवी: थाप पडल्यावर

पहाटे साडेसहा. पीपहोलमधून गणवेश दिसतो. प्रेशर कुकर चालू असेल तर आधी गॅस बंद करा; मी गंमत करत नाही, शिट्टीने दचकलेली माणसं मी ऐकली आहेत.

दारातून शांतपणे विचारा: कोण आहात, वॉरंट आहे का, की प्रोबेशन सर्च आहे? कोणाच्या प्रोबेशनखाली? वॉरंट असेल तर दाखवायला सांगा, पत्ता आणि न्यायाधीशाची सही पाहा. प्रोबेशन सर्च म्हणाले आणि घरातल्या माणसाच्या कागदावर तसं कलम असेल, तर त्याने नकार देणं हाच अटीचा भंग. त्याने बाजूला व्हावं, हात दिसतील असे ठेवावेत, आणि विचारल्याशिवाय बोलू नये.

बाकीच्यांनी एक वाक्य स्पष्ट, एकदाच म्हणावं: "आय डू नॉट कन्सेंट टू द सर्च ऑफ माय रूम." आडवं उभं राहू नका, हात लावू नका, दार लोटू नका. अधिकाऱ्याच्या कामात अडथळा हा कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेच्या कलम १४८ खाली वेगळाच गुन्हा आहे. लांब उभं राहून फोनवर चित्रण करणं मात्र स्वतःहून अडथळा ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. ते एक वाक्य कशासाठी? आपण आदरातिथ्यात मुरलेलो. "या ना, बघा ना, आमच्याकडे लपवायला काय आहे," असं आई म्हणाली, की त्या खोलीला संमती मिळाली. नाही म्हणायचा हक्क आहे, हे पोलिसांनी सांगायलाच हवं असं नाही. १९७३ पासून कायदा तसा आहे.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की हजर असलेल्या एका रहिवाशाने नकार दिला तर दुसऱ्याच्या संमतीवर झडती चालत नाही. खरं आहे, तो २००६ चा रँडॉल्फ निकाल. पण तो साध्या संमतीबद्दल आहे. प्रोबेशनच्या अटीपुढे तो टिकेलच असं नाही. २०१७ मध्ये सांता क्लारा शहराविरुद्धच्या दाव्यात नेमकं हेच झालं: मुलगी प्रोबेशनवर, गंभीर हिंसक गुन्ह्यात तिच्यावर संशय घ्यायला सबळ कारण, आई दारात "वॉरंट आणा" म्हणत उभी. नवव्या सर्किटने झडती वाजवी ठरवली. म्हणून नकार नोंदवायचा, पण त्याने दार बंद होईल या भरवशावर राहायचं नाही.

खोटं बोलू नका. "तो इथे राहत नाही" असं घाबरून म्हणण्यापेक्षा गप्प बसणं कधीही बरं.

प्रोबेशन ऑफिसरची साधी भेट वेगळी. तो घर पाहायला येतो, हॉलमध्ये बसतो, दोन प्रश्न विचारतो. नजरेसमोर पडलेलं काही बेकायदा असेल तर तो उचलू शकतो, पण भेट म्हणजे खण उघडणं नव्हे. त्याच्याशी बोलताना एक लक्षात ठेवावं: १९८४ च्या मर्फी निकालाप्रमाणे त्याला सांगितलेलं खटल्यात वापरलं जाऊ शकतं, आणि गप्प बसण्याच्या आणि वकिलाच्या हक्कांची ती प्रसिद्ध मिरांडा सूचना त्याने आधी द्यायलाच हवी असं नाही. नव्या गुन्ह्याबद्दल प्रश्न आला तर "वकिलाशी बोलून सांगतो" असं उघड म्हणायला हवं.

गाडी आणि फोन

गाडीचं थोडक्यात. गाडीत बसलेल्यांपैकी कोणी पॅरोलवर असेल तर त्याच्या हाताच्या टप्प्यातली, त्याने काही ठेवलं-टाकलं असेल अशी प्रवासी भागातली जागा तपासता येते, गाडी दुसऱ्याची असली तरी. हा २०१२ चा श्मिट्झ निकाल. डिकीचा त्यात समावेश नव्हता. आणि डीयूआयच्या प्रोबेशनवर असताना रक्तात ०.०१ टक्का अल्कोहोलसुद्धा चालत नाही, रस्त्यावरच्या फुंकण्याच्या चाचणीला नकारही देता येत नाही. इतर प्रौढांना मिळणारी सूट इथे नाही.

फोनला कोर्टांनी वेगळं स्थान दिलंय. २०१४ च्या रायली निकालापासून अटक केल्यावरही फोन उघडायला सहसा वॉरंट लागतं. २०१६ मध्ये लारा प्रकरणात नवव्या सर्किटने अहिंसक ड्रग्ज गुन्ह्यातल्या प्रोबेशनवाल्याच्या फोनची झडती बेकायदा ठरवली. त्याच्या अटीत घर, जागा, डबे, वाहन असं होतं. फोनमधली माहिती त्यात स्पष्टपणे येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. त्याच वर्षी १ जानेवारीपासून लागू झालेला राज्याचा कॅलइक्पा हा इलेक्ट्रॉनिक खासगीपणाचा कायदाही तेच मागतो: प्रोबेशनखाली उपकरण तपासायचं तर अट स्पष्ट आणि निःसंदिग्ध हवी. घरातल्या दुसऱ्या कोणाचा फोन त्यात येत नाही. म्हणून फोन आणि लॅपटॉप एकमेकांत फिरवू नका, प्रत्येकाचा वेगळा, पासकोड वेगळा. अंगठ्याऐवजी पासकोड, असं मी सांगते. २०२४ मध्ये नवव्या सर्किटने पॅरोलवाल्याचा अंगठा लावून फोन उघडून घेणं चालवून घेतलंय.

झडती झाल्यानंतर

पोलीस गेल्यावर आवरायला धावू नका. आधी फोटो: कोणते खण उघडे, कोणत्या खोल्या. मग आठवेल ते लिहा. काय विचारलं, अट आहे हे कधी आणि कसं सांगितलं, आईबाबांच्या खोलीत कोण गेलं. नेलेल्या वस्तूंची पावती मागा. अधिकाऱ्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण वकील मागवतो. सँडर्सवाला प्रश्न, म्हणजे अट आधी माहीत होती की नंतर कळली, बऱ्याचदा त्यातच सुटतो.

खटला भरला तर दंड संहितेच्या कलम १५३८.५ खाली पुरावा बाद करण्याचा अर्ज करता येतो. तो ज्याच्या स्वतःच्या हक्काचा भंग झाला त्यालाच. आईच्या खोलीतल्या झडतीवर मुलाला सहसा भांडता येत नाही.

इथे एक सापळा आहे. नवा खटला आणि प्रोबेशन मोडल्याची सुनावणी या दोन वेगळ्या गोष्टी. सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये पॅरोल रद्द करण्याच्या सुनावणीत बेकायदा झडतीचा पुरावा वापरायला मुभा दिली, आणि प्रोबेशनच्या सुनावणीतही हाच विचार चालतो. शिवाय तिथे संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, पारडं जरा झुकलं तरी पुरतं. म्हणजे खटला सुटला तरी प्रोबेशन मोडल्याबद्दल आत जावं लागू शकतं.

घरातल्या निर्दोष माणसाचा हक्क तुडवला गेला असेल तर फेडरल नागरी हक्क कायद्याच्या कलम १९८३ खाली नुकसानभरपाईचा दावा करता येतो, कॅलिफोर्नियात दोन वर्षांच्या आत. राज्य कायद्याखालच्या दाव्यासाठी त्या शहराकडे किंवा काउंटीकडे सहा महिन्यांत नोटीस जावी लागते, आणि ही मुदत चुकलेली मी फार पाहिली.

दुसऱ्या राज्यात असाल तर

वरचं जसंच्या तसं उचलू नका. आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये राज्यघटनेच्या आधारे प्रोबेशनवाल्याच्या घराच्या तपासासाठी पोलिसांना वॉरंट लागतं असं म्हटलं. मॅसॅच्युसेट्समध्येही घराला जास्त संरक्षण आहे. इंडियानाने २०१५ मध्ये उलट, अट निःसंदिग्ध असेल तर संशयाशिवायही चालेल असं ठरवलं. न्यू जर्सी असो की टेक्सास, पहिली पायरी मात्र तीच: कागद मागवा, शब्द वाचा.

मुदत संपली की

२०२१ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक मिसडिमीनरचं, म्हणजे किरकोळ गुन्ह्याचं, प्रोबेशन जास्तीत जास्त एक वर्ष आणि बहुतेक फेलनीचं, म्हणजे गंभीर गुन्ह्याचं, दोन वर्षं. डीयूआयसारख्या, कायद्यातच मुदत लिहिलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. डीयूआयचं तीन ते पाच वर्षं चालतं. वागणूक चांगली असेल तर दंड संहितेच्या कलम १२०३.३ खाली आधीच संपवण्याचा, किंवा निदान झडतीची अट सैल करण्याचा अर्ज करता येतो.

प्रोबेशन संपलं की अटही संपते. पण गस्तीच्या गाडीतल्या संगणकावर ती काही दिवस जिवंत राहू शकते, आणि नोंदीच्या चुकीमुळे झालेल्या कारवाईतला पुरावा कोर्ट बाद करेलच असं नाही. १९९५ आणि २००९ च्या दोन निकालांत सुप्रीम कोर्टाने तो राहू दिला होता. तेव्हा संपल्याच्या आदेशाची शिक्क्याची प्रत क्लार्ककडून घ्या. एक गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, एक दाराजवळच्या खणात, जिथे विजेची बिलं ठेवता तिथे.